संडास घासणारा लेक

जन्मात स्वतःचा कप न विसळलेला माझा लेक आठवडाभर रोज सकाळी संडास घासत होता. सून हरखून म्हणाली, "आई, सुधारले हो हे!" मला मात्र वेगळीच शंका आली.

शौचातून रक्त पडायचं आतड्याचं जुनाट दुखणं त्याला माझ्याकडूनच आलंय. ते सांभाळत मी तीस वर्षं शिवणकाम केलं, तीन पोरं वाढवली. रक्त पडतंय हे लपवायला एकदा मीही असंच घासलं होतं, आणि मरता मरता वाचले.

मी त्याचा औषधांचा खण उघडला. महिनाभराच्या गोळ्या जशाच्या तशा होत्या.

तो ब्रश घेऊन बाहेर आला. ओठ पांढरेफटक.

"बरं वाटत होतं गं, म्हणून सोडल्या."

"गोळ्या घेऊन मी म्हातारी झाले, शहाण्या. तुलाही म्हातारं व्हायचंय. ब्रश ठेव, चप्पल घाल, डॉक्टरकडे चल!"