ग्यानबा आणि मंडळी

"काका, सुरू करा की. लोकं खोळंबलेत," धनराज लिंगाप्पाला म्हणाला.

अंगणात तिरडी बांधून तयार होती. तिच्यावर धनराजचे वडील, मंठाळचा पिटीलवाला ग्यानबा. व्हायोलिनला इकडे पिटील म्हणतात, आणि ग्यानबाच्या पिटीलाचं नाव पार हुलसूर-कमलनगरपर्यंत. जाण्याआधी त्याने घरच्यांना बजावलं होतं, "लिंगाप्पानं माझी चाल वाजवल्याबिगर मला उचलू नका." मरणाऱ्याचं काय, तो सांगून मोकळा होतो.

लिंगाप्पा पिटील छातीशी धरून बसला होता. ग्यानबाची चाल त्याला येत नव्हती.

हसू नका. जन्मभर शेजारी बसून येत कशी नाही? पण चाल ग्यानबाची, लिंगाप्पाने नुसती मागून साथ करायची. खालचा सूर धरायचा, आणि ग्यानबा उंच गेला की गप्प बसायचं. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराच्या या पोराला ग्यानबानेच बांधावरून उठवून आपलं जुनं पिटील दिलं होतं. उपकार खरेच; लिंगाप्पा त्याला अण्णा म्हणायचा. पण भजनाच्या फलकावर लिहिलेलं असायचं 'ग्यानबा आणि मंडळी'. मंडळी म्हणजे एकटा लिंगाप्पा.

हुलसूरच्या जत्रेत एकदा ग्यानबाला खोकल्याची उबळ आली, तेव्हा लिंगाप्पाने चाल उचलली. जेमतेम एक ओळ झाली असेल. भरल्या मांडवात ग्यानबाने आपला गज त्याच्या तारांवर आडवा ठेवला. "तुझं तू वाजव," म्हणाला. लोक हसले. त्यानंतर लिंगाप्पाने घरातसुद्धा त्या चालीला हात लावला नाही. भीतीने. खरं सांगायचं तर रागानेही.

आता त्याने गज ओढला. पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसरीत बोट घसरलं आणि तार किंचाळली. पुन्हा ओढला, पुन्हा तेच.

"त्येला येतच न्हाई की!" मागून गावातला ईरण्णा बोललाच. लिंगाप्पाचा चेहरा पडला. सगळ्या गावासमोर शोभा झाली.

ग्यानबाची बायको राजूबाई दारात आली. रडून तिचा आवाज बसला होता.

"भावजी, कामून त्यांचं वाजवायलाव? तुमचं वाजवा."

"वैनी, माझ्यात चाल न्हाई. अण्णाबिगर ते कायबी न्हाई."

"व्हय, ठाव हाय मला. तेच वाजवा. किती येळ ठेवायचं त्यास्नी उनात?"

तिरडी उचलली. लिंगाप्पा पुढे चालू लागला. त्याने खालचा सूर धरला. तो एकट्याने फारच केविलवाणा वाटत होता, विहिरीवरच्या रिकाम्या रहाटासारखा. जिथे ग्यानबा उंच जायचा, तिथे त्याने सवयीने गज उचलला आणि थांबला. तेवढा वेळ नुसत्या चपला वाजत राहिल्या. मग पुन्हा खालचा सूर, पुन्हा थांबणं. कुणी हसलं नाही.

वेशीपाशी गज पुन्हा थांबला. धनराजला राहवलं नाही.

"काका, बास करा आता. झालं."

"थांब," लिंगाप्पा म्हणाला. "अण्णाचं वाजवून व्हायचंय आजून."