पिवळ्यावर राखाडी

दादासाहेब सकाळपासून घरगाडी पॉलिश पेपरने घासत होता. एके काळी ही गाडी शाळेची मुलं न्यायची. शाळेने काढून टाकल्यावर दादासाहेबाने ती घेतली, आतली बाकं उपटली, मागे पलंग बसवला, एका कडेला शेगडी आणि छोटं बेसिन. बाहेरचा पिवळा रंग मात्र त्याने तसाच ठेवला होता. लांबून ओळखू येते, असं कौतुकाने सांगायचा. मन झालं की तो आणि बायको मंजुषा तिच्यातून कोकणात जायची, समुद्राकाठी मुक्काम करायची. लेक तेजस्विनी कॉलेजसाठी कासारवाडीला मावशीकडे राहत होती, त्यामुळे मागे अडकवणारं कुणी नव्हतं.

आता अचानक त्याला ही गाडी राखाडी करायची होती.

"गॅरेजला द्या ना," मंजुषा म्हणाली. "भोसरीत तुमच्या ओळखीचा आहे तो. फवाऱ्याने एका दिवसात मारून देईल."

"त्याच्याकडं लाईन हाय. घरीच मारू. रोलरनं काय वाईट दिसत न्हाई."

त्याने मान वर केली नाही. तिचे सासरे मारुतराव फाटकापाशी खुर्ची टाकून बसले होते. एरवी या वेळेला ते देवळाच्या पारावर असायचे. आज कुणी डोकावलं, की बाहेरच्या बाहेर बोलून वाटेला लावत होते.

मंजुषाने रोलर हातात घेतला. घरात तरी कुठे मन लागत होतं. निघोज्यातल्या त्यांच्या घरामागे भाड्याच्या खोल्या होत्या आणि त्यातल्या एका खोलीत लातूरकडचा धनेश बायकोसोबत राहायचा. परवा अंधार असतानाच तो सायकलवरून पहिल्या शिफ्टला निघाला आणि कुठल्या तरी गाडीने त्याला उडवलं. उजाडेपर्यंत तो रस्त्याकडेच्या चारीत पडून होता. शेवटी एका दूधवाल्याला दिसला. आता तो आयसीयूत होता आणि त्याची बायको वर्षाली दवाखान्याच्या बाकावर. मंजुषाने काल रात्री तिच्यासाठी डबा पाठवला होता.

एका बाजूने नवरा, दुसऱ्या बाजूने ती. ट्रेमध्ये रोलर बुडवायचा, निथळू द्यायचा, वरून खाली ओढायचा. ऑइल पेंट दाट होता. पहिल्या हाताखालून पिवळा दिसतच राहायचा. दुपार चढली तशी तिच्या खांद्यांत कळ यायला लागली. सरकत सरकत ती गाडीच्या तोंडाशी आली. डाव्या दिव्याखाली रोलर अडखळला आणि त्याला पांढरं काहीतरी चिकटून आलं. पत्र्याचे पोचे बुजवायची लांबी होती. ताजी, अजून नीट न वाळलेली. दिव्याची काचही नवी कोरी होती.

"इथं लांबी कधी भरलीत?"

"ते कुत्रं आडवं आलं न्हवतं का त्या दिवशी," दादासाहेब पलीकडून म्हणाला.

तिला आठवलं. कोकणातून परत येत होते, ती मागे पलंगावर झोपली होती. धाडकन आवाज झाला, शेगडीजवळची भांडी खणखणली. ती कोपरावर उठली आणि तिने काय झालं विचारलं. कुत्रं, झोप तू, असं तो म्हणाला होता. गाडी जरा मंदावली, थांबल्यासारखी झाली आणि पुन्हा निघाली. ती खरंच झोपली. जाग आली ती अंगणात.

ती त्या लांबीकडे बघत असतानाच मारुतराव खुर्चीवरून उठून आले. हातात फोन होता. ती गाडीच्या तोंडाशी वाकून आहे हे त्यांना दिसलं नसावं.

"पोलीस पाटलाचा फोन हुता," ते लेकाला हळू आवाजात म्हणाले. "सायकलला पिवळं लागलंय म्हनं. आजच्या आज उरकून टाक."

मंजुषा सरळ उभी राहिली.

"कुणाच्या सायकलला?"

कोपऱ्यावरच्या कारखान्याचं प्रेस मशीन तेवढं धपधपत होतं.

"अहो, कुणाच्या सायकलला?"

दादासाहेब खाली बसला. रंगाने भरलेले हात त्याने गुडघ्यांवर लांब धरले होते.

"मला कुत्रंच वाटलं," तो म्हणाला. "डोळा लागला असंल जरासा. मग आरशात, मागच्या दिव्याच्या उजेडात चाक दिसलं सायकलचं. फिरत हुतं."

"मग उतरला का नाहीत?"

"भ्यालो."

"धनेश होता हे कळलं होतं?"

"न्हाई. ते दुपारी कळलं, सगळ्यांबरोबर."

मारुतराव मध्ये पडले. "जानूनबुजून न्हाई केलेलं त्यानं. जगला तर आपन बघू त्याचं समदं, जल्मभर बघू. पर घराची अब्रू अशी रस्त्यावर नको. पोरीचं लग्न व्हायचंय अजून." मग सुनेकडे वळून म्हणाले, "मंजुषा, घे तो रोलर."

तिने घेतला. ती ओरडली नाही, घरात निघून गेली नाही. उखडलेल्या जागी दादासाहेबाने पुन्हा लांबी भरली, वाळली तशी घासली, आणि तिने त्यावरून दोनदा हात फिरवला, कडेने नीट, ओघळ येऊ न देता. संध्याकाळी गाडी सगळी राखाडी झाली होती. जवळून पाहिलं तर रोलरचे दाणे दिसत होते. लांबून ती कुणाचीही गाडी वाटली असती. रस्त्याने जाणारे गावातले दोघे-तिघे फाटकाशी घुटमळले, गाडीकडे पाहून मारुतरावांना रामराम करून पुढे गेले. रंग का बदलला, असं एकानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनेश गेला.

वर्षाली त्याचे कपडे न्यायला आली तेव्हा मंजुषा अंगणातच होती. एरवी खोल्यांतली माणसं मागच्या गल्लीतून ये-जा करायची. वर्षाली पुढच्या फाटकातून आली, बहुधा कुठून येतोय हेही तिला कळत नसावं. गाडीपाशी तिचे पाय थांबले.

"रंग दिलाव काय वहिनी," ती म्हणाली. नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून. मग म्हणाली, "डॉक्टर म्हनले, तासभर आधी आनलं असतं तर काई तरी करता आलं असतं."

मंजुषा तिच्यामागून खोलीपर्यंत गेली. आत दोरीवर धनेशचे कंपनीचे दोन शर्ट वाळून कडक झाले होते. वर्षालीने पेटीतून पांढरा सदरा काढला आणि घडी घालायला घेतला.

"वर्षाली, आमच्याच गाडीने झालं ते," मंजुषा म्हणाली.

वर्षालीचे हात थांबले.

"हे चालवत होते. मी मागे झोपले होते. मला काल कळलं."

"तुमी बी होताव गाडीत?"

"होते."

"आवाज आला होता तुमाला?"

"आला."

वर्षाली जमिनीवर बसली. सदरा तिच्या मांडीवर होता. तिने त्याची एक सुटी गुंडी लावली.

"परवाचा डबा तुमीच पाठवला होताव नं?"

"हो."

"मी खाल्ला," वर्षाली म्हणाली.

एवढंच बोलून ती उठली, सदरा पिशवीत घातला आणि गेली.

दुपार टळायच्या आत पोलिसांची जीप आली. हवालदाराने गाडीच्या तोंडाशी बसून नखाने खरवडलं. रंग अजून पुरता धरलेला नव्हता. सालीसारखा निघून आला, खाली पिवळा. दादासाहेबाने चपला घातल्या, मंजुषाकडे न बघता जीपमध्ये जाऊन बसला.

तिलाही चौकीवर जबाब द्यायला बोलावलं. निघताना मारुतरावांनी तिला ओसरीवर गाठलं. "तू झोपली हुतीस, एवढंच सांग. त्यात खोटं काय न्हाई."

त्यात खरंच खोटं नव्हतं. वाटभर ती ते वाक्य मनात घोळवत होती.

"तुम्ही झोपेत होतात, बरोबर?" हवालदाराने लिहिता लिहिता विचारलं.

"आवाजाने जागी झाले. काय झालं म्हणून विचारलं. कुत्रं आहे म्हणाले. थांबा, बघू या, असं मी म्हणाले नाही."

"बरं."

"आणि रंग मीही मारला. लांबीवरचा हात माझाच आहे. तोवर मला कळलं होतं."

हवालदाराचं पेन थांबलं. "हे घ्यायचं का जबाबात? तुम्हालाच जड जाईल."

"घ्या," ती म्हणाली.

दादासाहेब जामिनावर सुटून घरी आला. तिलाही कोर्टाची पायरी चढावी लागणार होती. तिला जा म्हणून कुणी सांगितलं नाही. मारुतराव फक्त स्वतःचा चहा स्वतः करून घेऊ लागले आणि तिने वाढलेल्या ताटावरून न बोलता उठू लागले. गावात बायका म्हणायच्या, हिनं नवरा धरून दिला. धनेशचं नाव त्या बोलण्यात कधी यायचं नाही. शेवटी ती कपडे घेऊन कासारवाडीला बहिणीकडे, जयमालाकडे गेली. तिथे तेजस्विनी तिच्याशी दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "पप्पांना अडकवून तो माणूस परत आला का?" नाही, एवढंच उत्तर होतं, आणि ते दोघींनाही माहीत होतं.

वर्षाली खोली रिकामी करायला येणार असल्याचं समजलं, तेव्हा मंजुषा शेअर रिक्षा बदलत बदलत निघोज्याला गेली. मागच्या गल्लीत टेंपो उभा होता. वर्षालीचा दीर पलंग चढवत होता. दाराशी भांड्यांचं पोतं होतं, मंजुषाने वाकून त्याचं एक टोक धरलं.

"राहू द्या," वर्षाली म्हणाली.

मंजुषाने टोक सोडलं. वर्षालीने पोतं एकटीने ओढत टेंपोपर्यंत नेलं, दिराच्या हातात दिलं, आणि पदराने हात पुसत परत आली.

"सांगितलाव, ते बरं केलाव," ती म्हणाली. "पन आता माज्या समोर येऊ नका. तुमचं तोंड दिसलं की मला तो डबा आठवतो."

टेंपो गल्लीतून मागे मागे सरकत बाहेर पडला. वर्षाली पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. मंजुषा थोडा वेळ रिकाम्या खोलीच्या दारात उभी राहिली. मग कुणी पाहायच्या आत गल्लीतूनच रस्त्याला लागली. पहिली शिफ्ट सुटली होती. कंपन्यांच्या बसची रांग लागली होती आणि कडेच्या धुळीतून माणसं सायकली हाकत घरी चालली होती.