हिरवी खूण

"अहो, निदान तोंडाजवळ तरी न्या तो ब्रश," बायको म्हणाली.

मास्तर टेबलाशी बसले होते. डाव्या हातात चहाचा कप, उजव्या हातात कोरडा ब्रश. एक घोट घ्यायचा आणि ब्रश हवेत खालीवर हलवायचा, असं आरामात चाललं होतं.

"त्याला काय कळतंय, दात आहेत की हवा! हलला की झालं."

टेबलावरच्या फोनमध्ये हिरवी खूण उमटली. पाठोपाठ लेकीचा निरोप आला, 'शाब्बास बाबा!' मास्तर गालात हसले.

लेक दुसऱ्या शहरात नर्स होती. मागच्या सुट्टीत तिनं हा ब्रश आणला होता. दिसायला साधा, हातानंच घासायचा. पण दांड्यात काहीतरी बसवलेलं होतं. किती वेळ घासलं ते मास्तरांच्या फोनला कळायचं आणि तिथून तिच्या फोनला. "बाबा, तुमचं पोट दातांवर आहे," असं तिनं बजावलं होतं. ते खरंच होतं. मास्तर तरुणपणापासून बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते, आणि क्लॅरिनेटचं तोंड पुढच्या दोन दातांवरच टेकतं.

सुरुवातीला त्यांनी मन लावून घासलंही. पण घाईघाईनं दोन हात मारून चूळ भरायची जन्माची सवय. एकदा खूण लाल झाली, तेव्हा फोनवर लेकीचा आवाज इतका पडला की त्यांनी ही युक्ती काढली. आणि मग त्या शाब्बासकीची चटकच लागली. त्यांच्या वाजवण्यालासुद्धा इतक्या नेमानं कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं.

पुढे हिरड्यांतून रक्त यायला लागलं. "उष्णता असेल," म्हणून त्यांनी ते उडवून लावलं. "पोरीला सांगू का?" बायकोनं विचारलं, तर वसकन अंगावर आले.

मग एका तालमीत वरचा सूर लावताना दात हलला. कळ मस्तकात गेली, सूर फाटला. बाकीची वाद्यं एकेक करत थांबली. लेक रजा टाकून आली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडातला आरसा बाहेर काढला. "पुढचे दोन्ही काढावे लागतील. हाडच झिजलंय आतून."

"असं कसं होईल?" लेकीनं फोन पुढे केला. "हे बघा ना, रोज दोन्ही वेळा घासतात. एक दिवस चुकलेला नाही."

डॉक्टरीणबाईंनी फोन पाहिला, मग मास्तरांकडे पाहिलं आणि त्या हातमोजे काढायला लागल्या.

"मग हे यंत्रच खोटं दाखवत असणार," लेक म्हणाली. "मी तक्रार करते कंपनीकडे."

"नको गं," मास्तर खुर्चीत आडवे पडल्यापडल्याच म्हणाले. "ते खरंच सांगत होतं. ब्रश हलत होता. तोंडात नव्हता, एवढंच."

लेकीनं पुढे केलेला फोन मागे घेतला. मग अगदी हळू म्हणाली, "हिरवं दिसायचं, म्हणून मी निर्धास्त होते हो. नाहीतर तेव्हाच ओढून आणलं असतं तुम्हाला."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

"कवळी बसवली तर वाजवता येईल?" त्यांनी विचारलं.

"दिसायला छान दिसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दात काढले. बँडमध्ये त्यांच्या जागी दुसरा वादक आला. जखम भरल्यावर लेक पुन्हा दोन दिवस घरी आली आणि सकाळी बेसिनपाशी त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"हिरडीला तिरका धरा. रगडायचं नाही. हळू, गोल गोल."

मास्तर शहाण्या पेशंटसारखे घासू लागले. मध्येच थांबून, तोंडात फेस तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "दिसतंय का तिकडे, तुझ्या फोनवर?"

"ते काढून टाकलं मी, बाबा."

मास्तरांनी मान हलवली. ती रुग्णालयातून आलेला फोन घ्यायला बाहेर गेली. ते मात्र दाढेमागून दाढ घासत राहिले. पुढची मोकळी जागा आली की ब्रश उचलायचे आणि पलीकडच्या दातावर अलगद टेकवायचे.