अधिकच्या जागी उणे

कायम प्राध्यापकाच्या जागेसाठी पाठ घेऊन दाखवायचा होता. त्याच कॉलेजात मी वर्षानुवर्षं तासावर राबत होते, त्यामुळे खडू कुठे असतो हे विचारावं लागलं नाही. समोर तिघं: संस्थेचे अध्यक्ष, बाहेरचे एक तज्ज्ञ आणि आमचे विभागप्रमुख. या सरांनीच मला एकेकाळी गणित शिकवलं होतं.

विषय माझ्या आवडीचा. एक्स अधिक दोन एक्स वर्ग अधिक तीन एक्स घन, असं एन पदांपर्यंत. पदं दहा असोत नाहीतर लाख, बेरीज एका ओळीत बसवायची. साधी भूमिती श्रेढी घ्यायची, तिचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. दोन्ही बाजूंचं विकलन करायचं, एक्सने गुणायचं, झालं.

शेवटच्या ओळीत मी मुद्दाम अधिकच्या जागी उणे लिहिलं. वर्गातही मी हेच करते. एनच्या जागी एक घातला की सूत्र तोंडावर आपटतं आणि मागच्या बाकावरून एखादी ओरडते, "मॅडम, चुकलं!" मग ते सूत्र तिचं होतं, जन्मभर.

"काही शंका?" मी विचारलं.

अध्यक्षांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. तज्ज्ञ म्हणाले, "छान, छान." सरांची नजर मात्र त्या उणेवर थांबली. मला हायसं वाटलं. त्यांनी फळ्याचा फोटो घेतला.

"सर, एकच मिनिट. आता एनच्या जागी एक घालून..."

"पुरे," म्हणत ते उठले आणि त्यांनी स्वतःच फळा पुसला.

जागा अध्यक्षांच्या भाचीला मिळाली. माझ्या नावापुढे शेरा होता, 'मूलभूत ज्ञान कच्चे'. सोबत फोटो. भाचीचं आधीच ठरलेलं असणार. मला नाकारायला कारण तेवढं हवं होतं, ते मीच सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

तणतणत सरांच्या खोलीत गेले.

"ती चूक मुद्दाम होती. तुम्हाला कळलं होतं."

"हो."

"ही रीत तुमचीच, सर! तुमचं उणे पकडलं म्हणून तर मी गणिताच्या नादी लागले."

त्यांनी चष्मा काढून पुसला. नुसते ओशाळले असते, तरी मी मुकाट परत फिरले असते.

"मुद्दाम चुका मीही करायचो," ते म्हणाले, "पण कायम झाल्यावर."

घंटा झाली. मी वर्गावर गेले आणि तेच सूत्र शिकवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक. मुलींनी ते गपगुमान उतरवून घेतलं.