चौसष्ट मीटर

सरावाच्या मैदानावर सगळे त्याला ‘तराजू’ म्हणायचे. शिकाऊ वैमानिकाने वरून टाकलेला बॉम्ब नेमका कुठे पडला, हे मनोऱ्यात बसून मोजायचं, एवढंच त्याचं काम. बॉम्ब म्हणजे नावाचेच. निळ्या रंगाचे, हातभर लांबीचे लोखंडी ठोकळे. पोटात दारू नाही, फक्त एक छोटं नळकांडं, आपटलं की पांढऱ्या धुराचा झोत सोडणारं. धूर दिसला की तराजू दुर्बिणीची उभी रेघ त्यावर धरायचा आणि खालच्या चकतीवरचा अंश वाचायचा. लांबच्या दुसऱ्या मनोऱ्यात एक बाई होत्या, त्या त्यांचा अंश फोनवर सांगायच्या. फळीवरच्या नकाशात दोन मनोऱ्यांच्या जागी दोन खिळे होते आणि खिळ्यांना दोरे. ते आपापल्या अंशावर ताणले की जिथे एकमेकांना छेदतील, तिथे बॉम्ब पडला. मग मधल्या निशाणापासूनचं अंतर रेडिओवर सांगायचं.

एकोणीस वर्षांत त्याने कुणाला एक मीटर वाढवून दिला नव्हता की कमी करून दिला नव्हता. एकदा एका बड्या साहेबाला हौस आली आणि त्याचा बॉम्ब चक्क कुंपणाबाहेर गेला. जरा सांभाळून घेता येईल का, अशी दबकत विचारणा झाली. तराजू म्हणाला, “घेतो की. कुंपण तेवढं सरकवून द्या.”

म्हणूनच त्याचा भाचा शिकाऊ वैमानिक होऊन त्याच तळावर आला, तेव्हा तराजू स्वतःहून मैदानाच्या अधिकाऱ्याकडे गेला. “साहेब, या तुकडीत माझा सख्खा भाचा आहे. त्यांची मोजणी दुसऱ्या कुणाला द्या.”

साहेब हसले. “तू तर सख्ख्या बापालाही पाव मीटर सोडणार नाहीस. जा, बस गुमान.”

भाच्याला घरात भिंगऱ्या म्हणत. लहानपणी एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. तो सात वर्षांचा असताना त्याचे वडील कारखान्यातल्या अपघातात गेले. तराजूच्या बहिणीने शाळांचे गणवेश शिवून त्याला वाढवलं. मामाच्या खांद्यावर बसून तो विमानं बघायचा, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं: लढाऊ विमान.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी तराजू बहिणीकडे गेला होता. ती स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती.

“दादा, लढाऊ विमानात माणूस एकटाच असतो ना रे?”

“शिकताना मागे गुरुजी असतात. नंतर एकटाच.”

“आणि त्या मोठ्या, सामान नेणाऱ्या विमानात?”

“चार-पाच जण असतात.”

तिने आणखी दोन-तीन शेंगा सोलल्या. “परवा नाही जमलं, तर त्याला मोठ्या विमानावर टाकतील. मी विचारून घेतलंय.”

“मग?”

“मग काय? मोजणारा तूच आहेस.”

“वेड लागलंय का तुला?” तो ताडकन उठला. “माझ्या कामात नाक खुपसू नकोस.”

“नाही खुपसत. हे गेले तेव्हा निरोप घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं होतं मी. तो काही बोलायच्या आधीच मला कळलं होतं. पुन्हा तसं तोंड बघायची ताकद माझ्यात नाही, एवढंच सांगितलं.”

तिने तो विषय पुन्हा काढला नाही. पण ते बोलणं तराजूच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

परीक्षेला आठ बॉम्ब असत आणि सरासरी तीस मीटरच्या आत लागे. त्या दिवशी मागची खुर्ची रिकामी, शिकाऊ वैमानिक एकटाच. भिंगऱ्या सुरुवातीला बिचकला. पहिले दोन लांब गेले. मग हात बसत गेला. सात झाले तेव्हा बेरीज दोनशे वीस होती. म्हणजे आठवा वीस मीटरच्या आत पडला तर पोरगं पास, नाही तर नाही.

आठव्या खेपेला विमान सूर मारून खाली आलं, बॉम्ब सोडून वर वळलं, आणि निशाणाला जवळजवळ खेटून धूर उठला. तराजूला आधी आनंदच झाला. ‘शाब्बास’ असं तो मोठ्याने म्हणालासुद्धा. त्याने अंश वाचला: एक्केचाळीस. बाईंनी फोनवर त्यांचा सांगितला. दोन्ही दोरे ताणले. बारा मीटर.

मग त्याने स्वतःचा दोरा उचलला आणि त्रेचाळीसवर धरला.

दोनच अंश. पण इतक्या लांबून दोन अंश म्हणजे थोडंथोडकं नसतं. त्याचा हात जरासुद्धा थरथरला नाही, आणि हेच त्याला पुढे कित्येक वर्षं सलत राहिलं.

“चौसष्ट मीटर,” तो रेडिओवर म्हणाला. “डावीकडे.”

वरून खरखर आली. मग भिंगऱ्याचा आवाज आला, “पुन्हा सांगा.”

“चौसष्ट.”

“समजलं. धन्यवाद.”

संध्याकाळी मैदानातले बॉम्ब गोळा करणारा ट्रॅक्टरवाला मनोऱ्याखाली चहाला थांबला. प्रत्येक बॉम्बच्या शेपटीवर रंगाने आकडा घातलेला असे; भिंगऱ्याच्या आठव्यावर तेरा होता. “तेरा नंबर निशाणाभोवतीच्या आतल्या कड्यात सापडला,” तो म्हणाला. “वहीत तर चौसष्ट लिहिलंय म्हणे.”

“घसरत आला असेल.”

“घसरला असता तर माती नांगरली गेली असती. हा सरळ उभा रुतलाय.” ट्रॅक्टरवाल्याने कपातला शेवटचा घोट घेतला, तराजूकडे एकदा नीट पाहिलं आणि कप पालथा घातला. “आपल्याला काय! आपण लोखंड उचलणारे.”

वही अजून समोरच होती. ती सकाळी कचेरीत जायची होती. एक रेघ मारून वर बारा लिहायचे आणि शेजारी सही करायची, की संपलं. चूक झाली म्हटलं असतं तर तराजूवर कुणी अविश्वास दाखवला नसता. त्याने पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, आणि वही कपाटात ठेवून तो घरी गेला.

भिंगऱ्या दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सामान बांधून मोठ्या विमानांच्या तळावर निघून गेला. जाताना मामाच्या पाया पडला. बहिणीने तराजूला काही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पण त्याच्या पानात वाढताना तिचे डोळे भरून आले आणि दोघांनाही कळायचं ते कळलं.

तीन वर्षांनी त्याच तुकडीतला एक मुलगा लढाऊ विमान कोसळून गेला. बहिणीचा फोन आला. “बातमी पाहिलीस ना, दादा?” एवढंच बोलून तिने ठेवून दिला. तराजूला दिवसभर हलकं वाटलं. संध्याकाळी आठवलं की त्या मुलाचे बॉम्बही आपणच मोजले होते, अगदी काटेकोर, आणि त्याला पास करणारा आकडाही आपल्याच तोंडून गेला होता. त्याच्या आईने कुणापुढे वाटाणे सोलले नव्हते, एवढाच काय तो फरक. मग मात्र त्याला जेवण गेलं नाही.

पुढे मोजणीला कॅमेरे आले, मनोरे बंद झाले आणि तराजू निवृत्त झाला. परीक्षेला पंधरा वर्षं होऊन गेल्यावर एका दुपारी भिंगऱ्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरी आला. कानशिलं पांढरी व्हायला लागली होती. आता तो मोठ्या विमानावर नव्या मुलांना शिकवत होता.

“ए मामा, काल एका मुलीला नापास केलं,” तो पलंगावर मांडी घालत म्हणाला. “हुशार आहे, पण उतरवताना घाई करते. ढसाढसा रडली बिचारी. मला वाटलं, द्यावी आणखी एक संधी. मग तू आठवलास.”

“मी?”

“मग कोण? सख्ख्या भाच्याला चौसष्ट सांगताना तुझा आवाजसुद्धा हलला नव्हता. मी दर तुकडीला सांगतो ती गोष्ट. आधी वर्षभर रोज रात्री ते विमान चालवायचो रे डोक्यात. पण म्हटलं, मामाने मोजलंय, म्हणजे आपल्यातच ते नव्हतं. मग सोडून दिलं.”

तराजू उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. गप्प राहता आलं असतं. पंधरा वर्षं राहिलाच होता. पण ती रडणारी मुलगी त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

“ती गोष्ट नको सांगूस यापुढे,” तो म्हणाला. “खोटी आहे. बॉम्ब बारावर पडला होता. मी दोरा सरकवला.”

भिंगऱ्या आधी हसला. मामाचं तोंड पाहून थांबला.

“बारा?”

“बारा.”

“का?”

“तू जिवंत राहावास म्हणून.”

भिंगऱ्या गुडघ्यावरच्या हातांकडे बघत राहिला. “मला वाटायचं, शेवटी माझा हात हलला,” तो अगदी हळू म्हणाला. “मला तो हललेला आठवतोसुद्धा.” मग त्याने विचारलं, “आईला माहीत होतं?”

“नाही,” तराजू म्हणाला. “ती यात कुठेच नाही.”

आयुष्यातलं त्याचं दुसरं मोठं खोटं. हेही त्याने जाणूनबुजूनच, आणि भाच्याच्या नजरेला नजर देऊन सांगितलं. पोराला विश्वासाचं एक तरी माणूस राहू दे, असं त्याला वाटलं.

भिंगऱ्याने चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.

तराजूने बहिणीला फोन करून, भाच्याला खरं सांगितल्याचं कळवलं. ती कडाडलीच. “पंधरा वर्षं गिळलंस ना? मरेपर्यंत गिळता आलं नाही तुला?” मग आवाज एकदम खाली आला. “माझं नाव घेतलंस?”

“नाही.”

“चूक माझी होती, दादा,” ती म्हणाली.

“तू बोललीस. केलं मी.”

तिने मुलाला खरं सांगितलं की नाही, हे तराजूने कधी विचारलं नाही. भिंगऱ्याचे फोन मात्र बंद झाले.

पुढच्या वर्षी बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. इस्पितळाच्या लांबलचक बोळात मामा-भाचे समोरासमोर आले. भिंगऱ्याने वाकून नमस्कार केला, बाकावरची आपली पिशवी उचलून जागा करून दिली.

“बसा मामा. आईला आत नेऊन अर्धा तास झाला. तुम्ही चहा घेणार?”

सख्ख्या भाच्याने जन्मात पहिल्यांदा त्याला ‘तुम्ही’ म्हटलं होतं. आवाजात राग नव्हता. राग असता तर तराजूला बरं वाटलं असतं.

“घेईन,” तो म्हणाला.

भिंगऱ्या दोन कप घेऊन आला. एक त्याच्या हातात दिला, आणि मध्ये एका माणसाची जागा सोडून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघंही ऑपरेशनच्या दाराकडे बघत चहा पीत राहिले.