पिसलेला अल्बम

वृत्तपत्राच्या कचेरीत तिला सगळे ‘साडेतीन’ म्हणत. गायिका नवखी असो की नावाजलेली, पाचापैकी साडेतीन ताऱ्यांच्या वर तिची लेखणी आजवर चढली नव्हती. पानं लावणारा मोजपट्टी तर म्हणे, साडेतीन शहाण्यांपैकी जे अर्धं शहाणपण हरवलं होतं, ते आमच्या खात्यात नोकरीला आहे. (त्याचं नाव मोजपट्टी पडलं, कारण तो जेवणाचा डबासुद्धा टेबलाच्या कडेशी समांतर ठेवी.) तिला या थट्टेचा राग येत नसे. आवडणं ही तिच्या लेखी जपून वापरायची गोष्ट होती, अत्तराच्या शेवटच्या थेंबासारखी.

शनिवारच्या पुरवणीतलं अर्धं पान तिचं. त्यावर ती पॉप गाणाऱ्या बायकांविषयी लिही. कोणाचा आवाज वर जाताना श्वास चोरतो, कोणत्या अंतऱ्यात शब्द केवळ यमकाच्या आमंत्रणावरून आले आहेत आणि पाहुण्यासारखे अवघडून बसले आहेत, कोणता मुखडा चार दिवस डोक्यात राहूनही मनात शिरत नाही, हे ती निगुतीने, वाक्यं घासूनपुसून सांगे. जग ज्याला नाचायचं गाणं म्हणून सोडून देई, त्यात तिला कधीकधी कवितेचा कणा सापडे. जग ज्याला कविता म्हणे, त्यात पुष्कळदा नुसतीच पावडर.

हे अर्धं पान आता जाणार होतं. पुरवणीच्या संपादक बाईंनी तिला बोलावून, आधी कॉफी देऊन, सांगितलं होतं. अख्खा अल्बम हल्ली कोणी ऐकत नाही; लोक एखादं गाणं उचलतात आणि पुढे चालू लागतात. जो अल्बम ऐकत नाही, तो त्याच्यावरचं अर्धं पान कशाला वाचेल? पुढच्या महिन्यापासून छोट्या छोट्या चौकटी: गाण्याचं नाव, तारे, दोन ओळी. बाई वाईट नव्हत्या. वाईट बातमी देताना त्यांना स्वतःची कॉफी गिळवत नसे, एवढ्या त्या चांगल्या होत्या.

साडेतीनने कप बाजूला सारला. मग म्हणाली, “मला एक शेवटचा अल्बम द्या, बाई. त्यावरचा लेख वाचून लोकांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला नाही, तर चौकटी मीच लिहीन. कुरकूर न करता.”

बाईंनी मान हलवली, आणि तिने मागून घेतला तो चिमणीचा अल्बम.

चिमणी म्हणजे कधीकाळी लग्नांत, दुकानांत, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे तिथे ऐकू येणारी गायिका. उंच, पातळ, चिवचिवता आवाज. शब्द दुसऱ्यांचे, चाली दुसऱ्यांच्या, नाच तेवढा तिचा. मग घशाचं दुखणं झालं आणि ती गप्प झाली. इतकी वर्षं गप्प, की लोकांनी तिच्याबद्दल भूतकाळात बोलायला सुरुवात केली. आता ती परतली होती: आवाज दोन पट्ट्या खाली उतरलेला, आणि गाणी पहिल्यांदाच स्वतः लिहिलेली. अल्बमचं नाव ‘दाराआडचं ऊन’. वेष्टन अजून छापून व्हायचं होतं. कंपनीने समीक्षकांना नुसती गाणी आणि सुट्या कागदांवर त्यांचे शब्द पाठवले होते.

साडेतीनची ऐकण्याची रीत ठरलेली. अख्खा अल्बम सलग एकदाच ऐकायचा, आणि लगेच लिहायला बसायचं. पहिली भेट दोनदा होत नाही, असं ती म्हणे. मग एकेक गाणं सुटं काढून, आवाजाच्या शिवणी तपासत, हवं तितक्यांदा. पहिल्या भेटीसाठी तिच्याकडे एक जुना, खिशात मावणारा प्लेअर होता. त्याच्या पडद्याला तडा गेल्यामुळे गाण्याचं नाव दिसत नसे, आणि तिला तेच हवं होतं; नाव आधी वाचलं की कान आळशी होतो, ते मागाहून शब्दांच्या कागदांवरून जुळवायचं. हा प्लेअर घरात दोघींचा होता. सकाळी तो आत्याबरोबर फिरायला जाई, दुपारी भाचीच्या कामाला येई.

आत्या म्हणजे त्या घरातलं दुसरं, आणि आवाजाने पहिलं, माणूस. औषधांच्या दुकानातून निवृत्त झाल्यावर तिने दोन गोष्टी मनापासून धरल्या: चालणं आणि पत्ते. भाचीने काय ऐकावं, कोणाशी लग्न करावं आणि केसांना काय लावावं, याविषयी तिची मतं तयार असत. गाण्यांविषयी मात्र एकच मत होतं, की ती लांबत जातात.

त्या दुपारी आत्या शेजारणीकडे डाव मांडायला गेली होती. साडेतीन स्वयंपाकघराच्या फरशीवर, भिंतीला टेकून बसली. खिडकीतून उन्हाची एक पट्टी तिच्या पावलांवर आली होती. तिने हेडफोन चढवले.

पहिलं गाणं आलं ते श्वासानेच. ‘धाप’. ना ड्रम, ना गिटार. एक बाई जिना चढून आल्यासारखी दम घेते आणि त्या दम घेण्यातूनच ओळ फुटते. आवाजाला कडेने चीर गेलेली. जुन्या चिमणीने ती चीर दहा वाद्यांखाली पुरली असती. ही ती उजेडात धरत होती. मग ‘शेजारचा रेडिओ’, जिथे तिचाच जुना, पातळ आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा मागे वाजतो आणि आजची ती त्याला शांतपणे सांगते, जरा हळू लाव, इथे कोणीतरी बरं होत आहे. मग ‘लिफ्ट’, मग ‘तिसरी खुर्ची’. एकेक गाण्यागणिक वाद्यं परत येत गेली, जशी रुसलेली माणसं एकेक करून पंगतीला येतात. आणि शेवटी ‘किल्ली’. ड्रम असा सुटला की साडेतीनचे पाय आपोआप उन्हाच्या पट्टीत ताल धरू लागले. मुखडा साधा, जवळजवळ बालिश: किल्ली माझ्याच हातात होती आणि मी साऱ्या घराला विचारत होते. शेवटच्या ओळीवर चिमणीला हसू फुटतं, खरंखुरं, आवरता न येणारं, आणि ते हसू कोणी कापलेलं नव्हतं.

साडेतीन फरशीवर बसून एकटीच हसली. मग तिच्या ध्यानात आलं की आपल्याला हे कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. गाणी तपासता तपासता ती गाणी ऐकायची विसरली होती.

त्या भरात तिने लेख लिहिला. साऱ्या लेखाचा कणा एकच होता: क्रम. फुटलेल्या श्वासापासून मोकळ्या हसण्यापर्यंत एक बाई कशी घरी परतते. तिने लिहिलं: ‘या क्रमाला कोणी बोट लावू नये. एक वीट हलली तर घर उरणार नाही.’ आणि आयुष्यात पहिल्यांदा पाच तारे दिले.

कचेरीत लेख पोहोचला तेव्हा बाईंनी तो उभ्यानेच वाचला, मग बसून पुन्हा. अर्ध्याऐवजी पाऊण पान दे म्हणून त्यांनी मोजपट्टीला सांगितलं. मोजपट्टीने पाच तारे पाहून साडेतीनच्या कपाळाला हात लावून बघितला. तिला कोणाची थट्टाही आज फुलांसारखी वाटत होती.

पान संध्याकाळी छपाईला जायचं होतं. दुपार कलताना मोजपट्टी मथळा बसवत होता. काम करताना त्याला गाणं लागे, आणि ज्याच्यावर पाऊण पान लागलं तो अल्बम ऐकावा म्हणून त्याने कंपनीने पाठवलेली गाणी आपल्या मशीनवर लावली. ड्रम सुटला. ‘किल्ली’.

“शेवटून कशाला सुरू केलंस?” शेजारच्या टेबलावरून साडेतीन म्हणाली.

“पहिलंच आहे हे.” त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

गाण्यांपुढे आकडे होते. एकावर ‘किल्ली’. अगदी तळाला, सगळ्यात शेवटी, ‘धाप’. मधल्यांची तर पार सरमिसळ. ज्या फरशीवर बसून ती हसली होती, तीच जणू पायांखालून हलकेच सरकली.

तिने आत्याला फोन लावला. पलीकडे डाव रंगात आला होता, मागे कोणीतरी राणी लपवल्याचा आरोप करत होतं. आत्याने शांतपणे सांगितलं की हो, त्या प्लेअरवर बाजूला एक बटण आहे, ते दाबलं की गाणी पिसून येतात. तिने ते दाबूनच ठेवलंय.

“कधीपासून?”

“गेल्या आठवड्यापासून. अगं, तीच गाणी त्याच ओळीने किती दिवस ऐकायची? न पिसता कोणी पत्ते खेळतं का?” आणि मग, आवाज जरा खाली आणून, “का गं? काही बिघडलं?”

साडेतीनने काही नाही म्हणून फोन ठेवला. तिने ज्याला स्थापत्य म्हटलं होतं, ते एका बटणाने वाटलेलं पान होतं. क्रमाला बोट लावू नका म्हणून तिने जगाला बजावलं, आणि तिच्याच घरातलं बोट आधीच लागून गेलेलं. बाकीच्या समीक्षकांचं हसणं तिला आत्ताच ऐकू येऊ लागलं. पण त्याहून खोल दुसरीच भीती होती. खऱ्या क्रमाने ऐकलं आणि तो आनंद तिथे नसलाच तर? तो आनंद चिमणीचा होता, की निव्वळ लागलेल्या डावाचा?

पहिली भेट दोनदा होत नाही, हे तिचंच वाक्य. ते बाजूला ठेवून तिने मोजपट्टीकडून हेडफोन मागितले. त्याने ते दिले, आणि स्वतः कागद सरळ करत बसला.

‘किल्ली’ आधी आली, हसूही आधीच आलं. तिला वाटलं, झालं, आता पुढे उतारच. वाद्यं एकेक करून निघून जाऊ लागली. पण ती रुसून जात नव्हती. समारंभ आटोपल्यावर पाहुणे निरोप घेतात तशी, चपला शोधत, दारात रेंगाळत जात होती. ‘तिसऱ्या खुर्ची’नंतर घरात जागा झाली. ‘शेजारचा रेडिओ’ आला तेव्हा जुनी चिमणी भिंतीपलीकडे राहिली आणि तिच्याविषयी कसलाही दावा उरला नव्हता. शेवटी ‘धाप’. तोच श्वास, तीच चीर. पण ही आता जिना चढून दमलेली बाई नव्हती. मनसोक्त नाचून झाल्यावर, एकटी, खुर्चीत टेकलेली बाई होती, आणि तिला कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं.

साडेतीनच्या चेहऱ्यावर पुन्हा हसू होतं. मोजपट्टीने ते पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

ती बाईंकडे गेली आणि जे झालं ते सांगून टाकलं. बाईंनी डोळे मिटले. मग व्यवहाराचं बोलल्या: क्रमाविषयीचा परिच्छेद काढून टाक, बाकीचं तसंच जाऊ दे, कोणाला पत्ता लागणार नाही. साडेतीन म्हणाली की तो परिच्छेद काढला तर मागे मांस राहील, कणा नाही. तिला लेख नव्याने लिहायचा होता, चूक मधोमध ठेवून.

“लोक हसतील,” बाई म्हणाल्या. “आणि तुझं अर्धं पान त्या हसण्यातच जाईल. विचार कर.”

“हसू देत, बाई. अल्बमच हसण्याचा आहे.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हाताने जा म्हणून खूण केली. साडेतीन लिहायला बसली. स्वयंपाकघरातल्या फरशीपासून सुरुवात केली. आत्याचं बटण आलं, पत्ते आले. एका बाजूने चाललं तर घरी परतणं, दुसऱ्या बाजूने चाललं तर घरी राहणं. आणि ज्या घरात दोन्ही दारांनी शिरता येतं, त्याच्या विटांची काळजी समीक्षकाने करू नये. मोजपट्टी मागे उभा राहून ओळींची लांबी मोजत होता. शेवटी त्याने विचारलं, तारे किती ठेवू.

“पाच.”

“अर्धा खोडतो. एकदम सवय मोडली तर आजारी पडशील.”

“हात लावून बघ.”

शनिवारी लोक हसले. एका समीक्षकाने तर तिला खास अभिनंदनाचा फोन केला, आणि तो ठेवेपर्यंत हसतच होता. सोमवारी पत्रं यायला लागली. एका बसचालकाने अल्बम मधल्याच गाण्यापासून सुरू करून ऐकला होता आणि त्याला त्यात तिसरीच गोष्ट सापडली होती. एका नवऱ्याने नि बायकोने वेगवेगळे क्रम लावून भांडण केलं होतं आणि निवाडा मागितला होता. एकीने नुसतं लिहिलं होतं, की क्रम पडताळायच्या नादात मी किती वर्षांनी एक अल्बम सबंध ऐकला. बाईंनी तो गठ्ठा साडेतीनच्या टेबलावर ठेवला, कौतुकाचा शब्द काढला नाही, फक्त जाता जाता म्हणाल्या, “त्या चौकटी तूर्त राहू देत. पाऊण पान मात्र भरून दे दर शनिवारी.”

त्याच आठवड्यात रेडिओवर निवेदकाने चिमणीला या लेखाविषयी विचारलं. ती हसली, अगदी ‘किल्ली’च्या शेवटचं हसू. म्हणाली, “माझी आई अजून तिसऱ्या गाण्याच्या पुढे गेलेली नाही. तिला सांगते, पिसून बघ.”

आत्याने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मग दोन दिवस तिच्याशी बोलायची सोय राहिली नाही. शेजारणींना तिने सांगितलं की भाचीचा लेख खरं म्हणजे तिनेच लिहिलाय, भाचीने फक्त शब्द घातले.

पुढचा अल्बम आला तेव्हा साडेतीन नेहमीसारखी फरशीवर बसली. आत्या प्लेअर हातात घेऊन दारात उभी राहिली, अंगठा बटणावर.

“पिसू?”

“आधी एकदा सरळ वाट, आत्या. मग पीस.”

“आधी पिसतात, मग वाटतात,” आत्या म्हणाली, “एवढी शिकलीस, पण पत्ते काही आले नाहीत तुला.” आणि उन्हाची पट्टी ओलांडून तिच्या शेजारी येऊन बसली, हेडफोनची एक बाजू मागत.