भिंतीलगतची जागा

"दोन मिनिटं, काकू. दोनच मिनिटं. सामान उतरवतो आणि काढतोच गाडी."

"कालचीच दोन मिनिटं अजून संपलेली नाहीत तुमची," खिडकीच्या गजांआडून ऑपरेटर काकू म्हणाल्या. "ती संपू द्या आधी. मग आजची मागा."

स्वयंपाकघराच्या खिडकीला अगदी खेटून पंपवाल्याची पांढरी व्हॅन उभी होती. आतला सगळा उजेड तिने अडवला होता आणि धूर थेट ओट्यावर चिरून ठेवलेल्या भाजीवर येत होता. पंपवाला म्हणजे समोरच्या घरात नव्याने राहायला आलेला भाडेकरू. लोकांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. वय तिशीच्या आसपास, अंगाने दणकट, स्वभावाने गरीब. आणि गाडी लावण्याच्या बाबतीत मात्र पालथा घडा. कितीही पाणी ओता.

ती जागा अडवायला काकूंनी काय नाही केलं? भिंतीलगत कुंड्या मांडल्या. त्याने त्या एकेक उचलून पायरीवर नीट ओळीने ठेवल्या, वर पाणीही घातलं. मोडकी खुर्ची ठेवली, तर तिच्यावर त्याने आपले ओले हातमोजे वाळत घातले. शेवटी काकूंनी ठसठशीत अक्षरांत 'येथे गाडी लावू नये' अशी पाटी रंगवून भिंतीला टांगली. पंपवाल्याने गाडी अशी काही लावली, की पाटी तिच्यामागे झाकूनच गेली. मुद्दाम नव्हे हो. मुद्दाम केलं असतं तर भांडायला तरी मजा आली असती.

गल्लीतल्या लोकांची मात्र फुकटात करमणूक होत होती. संध्याकाळचे सहा वाजले, की शेजारची शिक्षिका वह्या तपासायला नेमकी गॅलरीत येऊन बसायची. एकदा तिने विचारलंच, "काकू, रागावू नका, पण जागा तर रस्त्याचीच ना? तुमच्याकडे साधी सायकलसुद्धा नाही. तुम्हाला काय करायचीय ती?"

"श्वास घ्यायला हवीय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच. स्वतःशी म्हणायलाही त्यांना लाज वाटायची.

त्या जागेवर काकांची व्हॅन लागायची. काका गाद्या-उशांच्या एका कारखान्याचा माल घरोघर पोचवायचे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा केसांत, भुवयांवर कापूस अडकलेला असायचा. काकू तेव्हा इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डवर ऑपरेटर होत्या. दिवसभर कानाला आवाजच आवाज. रडणारे, दटावणारे, डॉक्टर कधी येणार म्हणून विचारणारे. नुसत्या 'हॅलो'वरून समोरच्या माणसाच्या घरात जन्म झालाय की मरण, ते काकूंना कळायचं. ड्यूटी संपवून त्या काकांच्या आधी घरी पोचायच्या, चहाचं आधण ठेवायच्या, आणि मग दिवसातला शेवटचा आवाज यायचा. कोपऱ्यावर गिअर बदलायचा, गाडी रिव्हर्स घेताना गटारावरचं लोखंडी झाकण खणकन वाजायचं, हँडब्रेक कर्रर्र ओढला जायचा. मग दार आपटायचं. ते पहिल्यांदा कधीच लागायचं नाही, म्हणून पुन्हा आपटायचं. की काका घरात.

याच जागेवरून लग्नाची सगळी वर्षं दोघांचं भांडण चाललं. "माझ्या खिडकीच्या नाकात धूर सोडायलाच घेतलीय का गाडी? जरा पुढे लावायला काय होतं?"

"अगं, स्वतःच्या बायकोच्या खिडकीखाली लावतोय," काका म्हणायचे. "परक्या बाईच्या लावली असती, तर तू गप्प बसली असतीस का?"

काकू चहा गाळायच्या.

काका जाऊन तीन वर्षं झाली. कारखान्याच्या आवारात गाडी भरता भरता खाली बसले ते उठलेच नाहीत. गाडी लेकीने विकली. काकूंची हरकत नव्हती. उभी ठेवून तिची पूजा थोडीच करायची होती? भिंतीलगतची जागा रिकामी झाली, खिडकीत उजेड आला, भाजीला धुराचा वास यायचा बंद झाला. जन्मभर मागितलेलं सगळं मिळालं आणि त्याचं काय करायचं ते काकूंना समजेना. तरी माणूस सवय करून घेतो, तशी त्यांनी घेतली होती.

आणि मग समोर पंपवाला राहायला आला. त्याची व्हॅन त्याच बनावटीची, तेवढीच जुनी. पहिल्याच संध्याकाळी काकू ओट्याशी उभ्या असताना कोपऱ्यावर गिअर बदलला, झाकण वाजलं, हँडब्रेक ओढला गेला, दार आपटलं, लागलं नाही, पुन्हा आपटलं. काकूंनी मागे न बघता मोठ्याने म्हटलं, "आलात का? चहा होतोच आहे."

बाहेर कोणीतरी अनोळखी शीळ वाजवत होतं.

त्या संध्याकाळी काकूंचा नवरा दुसऱ्यांदा गेला. आणि मग तो रोजच जायला लागला. आज फसायचं नाही, असं काकू रोज ठरवायच्या. पण ज्या कानांनी आयुष्यभर इमानेइतबारे नोकरी केली, ते आता काय मालकिणीचं ऐकणार? गाडीचा आवाज आला की काका यायचे. दार पहिल्यांदा आपटायचं आणि दुसऱ्यांदा आपटायचं, तेवढ्या वेळात ते अगदी जिवंत असायचे, कापूस झटकत बाहेर उभे असायचे. मग शीळ ऐकू यायची आणि काकूंना पुन्हा विधवा व्हावं लागायचं. म्हणून त्या खिडकीकडे धावायच्या, म्हणून भांडायच्या. पंपवाल्याला वाटायचं, म्हातारीला उजेडाचा सोस आहे.

एके दिवशी तो दुपारीच घरी आला. काकूंचा जेवून जरा डोळा लागला होता. अर्धवट झोपेत आवाज कानावर पडला, त्या उठल्या, केस सारखे केले आणि हसत हसत दार उघडलं.

"आज लवकर?"

"हो काकू," ग्रीसने काळे झालेले हात पुसत पंपवाला म्हणाला. काकू आपल्याशी गोड बोलल्या याचा त्याला कोण आनंद झाला होता. "आज काम लवकर उरकलं."

काकू उंबऱ्यातच थिजल्या. चेहऱ्यावरचं हसू कुठे लपवावं ते त्यांना कळेना. आणि मग त्यांच्या तोंडाचा पट्टा जो सुटला, तो कधी सुटला नव्हता असा सुटला.

"काढ ती गाडी! आत्ताच्या आत्ता काढ! तुझ्या गाडीचा आवाज झाला की मला वाटतं, हे आले. रोज वाटतं. रोज मेलं माझं मन धावत दाराशी येतं, आणि बघावं तर तू! असा कसा रे तू? दुसरी गाडी मिळाली नाही तुला? दुसरी गल्ली मिळाली नाही? उपकार कर माझ्यावर, घेऊन जा तिला इथून!"

पंपवाल्याचं तोंड एवढंसं झालं. तो गाडीत बसला आणि गाडी घेऊन गेला.

त्या दिवसापासून तो गाडी पार रस्त्याच्या टोकाला, बंद पडलेल्या गोदामापाशी लावू लागला. मोटारी, पाइप, हत्यारांची पेटी, सगळं खांद्यावरून वाहून आणायचा. काकू दिसल्या की मान खाली घालायचा.

काकूंनी खिडकी घासूनपुसून लख्ख केली. कुंड्या पुन्हा भिंतीलगत मांडल्या. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सहा वाजले आणि नुसतेच सहा वाजले. काकू हातात पळी घेऊन उभ्या राहिल्या. काही आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शिक्षिकेची नवी गाडी येऊन गेली. तिचा आवाज फ्रिजसारखा, नुसती घुरघुर. त्या आवाजात कुणाचा नवरा काय येणार?

आठवडाभराने काकूंना आपण काय करून बसलो ते कळलं. रोज मरायला का होईना, ते येत तरी होते. शीळ ऐकू येईपर्यंतचे दोन क्षण का होईना, त्या कुणाची तरी वाट बघत होत्या आणि तो माणूस येत होता. आता वाट होती तशीच राहिली होती आणि येणारं कुणी नव्हतं. हातचं त्यांनी स्वतःच्या तोंडाने घालवलं होतं. त्या रात्री काकू जेवल्या नाहीत. गाडी परत हवी होती त्यांना. धूर हवा होता, अंधार हवा होता, ते मेलं झाकणसुद्धा हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पंपवाला आणि त्याची बायको एक अवजड मोटार दोन्ही बाजूंनी धरून, थांबत थांबत रस्त्याने येताना काकूंना दिसली. एवढं निमित्त पुरे होतं. काकूंनी साडी नीट केली आणि त्या समोरच्या घरी गेल्या.

पंपवाल्याची बायको त्यांना बघून घाबरलीच. "काकू, आता काय केलं यांनी?"

"काही नाही केलं. चहा टाक जरा," काकू खुर्चीवर बसत म्हणाल्या. मग पंपवाल्याकडे वळल्या. "एवढ्या लांबून ओझी वाहतोस. पाठ मोडेल एक दिवस. उद्यापासून गाडी आमच्या भिंतीलगत लाव."

"नको काकू. तुम्हाला त्रास होतो."

"आता नाही होत."

"तुम्ही मोठ्या मनाने म्हणताय," बायको म्हणाली. "पण आम्हालाही कळतं हो. त्या दिवशी हे घरात आले ते जेवलेसुद्धा नाहीत. म्हणाले, मी रोज त्या माऊलीला रडवत होतो आणि मला पत्ताच नाही."

"रडवत नव्हतास रे," काकू म्हणाल्या.

"मग?"

काकूंनी तोंड उघडलं. हजारो लोकांचे फोन जोडून दिलेली बाई, पण आता स्वतःचंच बोलणं जोडता येईना. या दोन लेकरांना काय सांगायचं? की बाबा रे, गाडी आपटत-धोपटत आण, दार दोनदा आदळ, माझा नवरा मला रोज दोन क्षण दाखवून परत घेऊन जा? लोक म्हणतील, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. वर त्या पोराला आपला नवरा व्हायला सांगितल्यासारखंच की ते. काकूंचे कान गरम झाले.

"आवाज झाला तरी चालेल मला," त्या कशाबशा म्हणाल्या. "अगदी चालेल. उलट होऊ दे आवाज."

"छे छे, काकू!" पंपवाला उठून उभाच राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "तुम्ही एवढं म्हणालात, त्यातच सगळं आलं. गाडी लावतो मी. पण तुम्हाला कळणारसुद्धा नाही. माझा शब्द आहे."

काकूंनी चहा प्यायला. चांगला झाला होता, असं सांगितलं, आणि त्या घरी आल्या. मनात म्हणाल्या, म्हणतो खरं तो, पण जमतंय कुठे त्याला? चार दिवस पाळेल आणि पाचव्या दिवशी आदळेल दार. जित्याची खोड.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आतच त्यांनी कुंड्या उचलून आत घेतल्या. रेडिओ बंद केला. पंखा कुरकुरायचा, तोही बंद केला. नळ घट्ट पिळला. ओट्याशी स्टूल घेऊन त्या बसल्या. एखादी तरुण मुलगी बसेल तशा बसल्या होत्या, आणि त्याचं त्यांना हसूही येत होतं. सहा वाजले. शिक्षिकेची गाडी घुरघुरत गेली. एक सायकल गेली. मग बराच वेळ काहीच नाही.

स्वयंपाकघरात अंधारून आलं. आज एवढ्यात कशी तिन्हीसांज झाली, म्हणून काकूंनी वर बघितलं, तर खिडकीबाहेरून व्हॅनची पांढरी बाजू हळूहळू सरकत होती. कसलाही आवाज नव्हता. इंजिन त्याने कोपऱ्यावरच बंद केलं होतं. एका हाताने स्टिअरिंग धरून, दाराच्या चौकटीला खांदा लावून तो गाडी ढकलत होता. मागून त्याची बायको पदर खोचून ढकलत होती, आणि दोघांनीही चपला काढून ठेवल्या होत्या. झाकणावर त्यांनी आधीच गोणपाट अंथरलं होतं. चाक त्यावरून अलगद गेलं. हँडब्रेक त्याने बटण दाबून धरून, चोरासारखा वर घेतला. मग दार लोटलं. दाराचं लॅच त्याने नवीन बसवलं होतं. मिस्त्रीच तो. ते पहिल्याच खेपेला, लोण्यासारखं लागलं.

बायको काहीतरी बोलायला गेली, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं. आणि मग त्याला खिडकीत काकू दिसल्या.

घामाने निथळत तो गजांपाशी आला. निकाल विचारायला यावा तसा त्याचा चेहरा झाला होता. दबक्या आवाजात त्याने विचारलं, "काकू, काही कळलं?"

काकूंनी दोन्ही हातांनी गज धरले होते. त्याच्या खांद्यावर दाराच्या चौकटीचा लाल वळ उठला होता. त्याच्यामागे त्याची बायको धापा टाकत, हसत उभी होती.

"नाही रे बाळा," काकू म्हणाल्या. "काहीच ऐकू आलं नाही."

त्याला केवढा तरी आनंद झाला. बायकोला त्याने खूण केली, दोघांनी आपापल्या चपला हातात घेतल्या आणि काकूंना आवाज जाऊ नये म्हणून ती दोघं चवड्यांवर चालत रस्ता ओलांडून गेली.